बहिणाबाईंच्या घरात लिहून घेणारं कुणीतरी होतं

मागच्या महिन्यात मावशीकडे सत्यनारायण होता. माझा मावसभाऊ, मी त्याला दादाच म्हणते, छत्तीस वर्षांचा आहे. अकरा वर्षं मुंबईत नाटक, सिरियल, डबिंग, मिळेल ते करून गेल्या दिवाळीत कायमचा घरी आला आणि आता काकांचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान बघतो. पंगत उठली, पानाचं तबक फिरायला लागलं आणि त्याच्यासमोरच त्याच्यावर चर्चा सुरू झाली. एक काका म्हणाले, पूर्ण झोकून दिलं असतं तर जमलं असतं रे, आज नाव कमावलेले सगळे काय मोठ्या बापाची पोरं आहेत का. त्यावर एक मामी म्हणाल्या, अहो त्याच्या नशिबातच नव्हतं ते, बिचारा काय करणार. दादा खाली बघून पत्रावळ्या गोळा करत होता. दोघंही त्याच्यावर जीव लावणारी माणसं आहेत, कुणालाच त्याला दुखवायचं नव्हतं, पण मला तिथे बसवेना. काकांनी त्याची अकरा वर्षांची मेहनत पुसून टाकली होती आणि मामींनी त्याची कला.

हा वाद फक्त मावशीच्या ओसरीवरचा नाहीये. मोबाईल उघडला की कुणीतरी सांगत असतं की नशीब वगैरे सगळ्या सबबी आहेत, पहाटे चारला उठा, रोज घासा, यश झक मारत येईल. पुढच्याच रीलमध्ये कुणीतरी वैतागून सांगत असतं की सगळी सेटिंग आहे, ओळखी आणि लक, टॅलेंटला कुत्रं विचारत नाही. मग समेट घडवणारे येतात आणि टक्केवारी काढतात, सत्तर टक्के मेहनत, तीस टक्के नशीब, म्हणजे यश ही एक भाकरी आहे आणि ती या दोघांत तोडून वाटायची आहे असं काहीतरी. मला वाटतं गाडी इथेच रुळावरून घसरते.

कारण कौशल्य आणि नशीब हे एकाच कामाचे वाटेकरी नाहीतच, त्यांची कामं वेगवेगळी आहेत. संधी समोर आल्यावर तुम्ही तिथे टिकणार की उघडे पडणार हे कौशल्य ठरवतं. ती संधी कुणाच्या दारात येणार आणि कुठल्या साली येणार, हे कौशल्य ठरवत नाही. आणि यापुढची गोष्ट तर या वादात कुणी बोलतच नाही, की कलावंताचं नशीब असं आपण ज्याला म्हणतो त्यातला मोठा भाग दुसऱ्या माणसांच्या हातात असतो. कुणी ऐकलं, कुणी लिहून घेतलं, कुणी दोन वर्षं घरभाडं भरलं. म्हणजे तो वाढवता येतो, कमी करता येतो, नीट किंवा वाईट वाटता येतो. म्हणून मी याला पत्रिकेचा विषय मानत नाही, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

आधी मेहनतवाल्यांची सगळ्यात भक्कम बाजू घेऊ, कारण ती खरंच भक्कम आहे. लता मंगेशकर. १९४२ मध्ये वडील गेले तेव्हा तेरावं वर्ष चालू, पाठीवर चार भावंडं, घरात कमावणारं कुणी नाही. मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत, मन नसताना, छोटी छोटी कामं केली. मुंबईत आल्यावर उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांकडे तालीम घेतली. आवाज फार पातळ आहे म्हणून एका मोठ्या निर्मात्याने नाकारलं. दिलीपकुमारांनी मराठी माणसाच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो असं काहीसं म्हटलं तर घरी मौलवी ठेवून उर्दू शिकल्या. आणि १९४९ मध्ये 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला' या गाण्याची रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव लताही नव्हतं, पडद्यावरच्या नायिकेचं नाव होतं, कामिनी. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली की ही गाणारी कोण आहे. नाव नाही, चेहरा नाही, कुणाची मुलगी ते माहीत नाही, नुसता आवाज लोकांपर्यंत पोचला आणि लोक नाव विचारत आले. याला नशीब म्हणणं हा सरळ अपमान आहे. आणि त्यानंतर पन्नासेक वर्षं त्या टिकल्या. एक गाणं लकने हिट होऊ शकतं, पन्नास वर्षं लकने कोण गातं? हे मला पूर्ण मान्य आहे.

पण आता हीच गोष्ट जरा मागे जाऊन बघा. १९३५ च्या आधी हिंदुस्थानी सिनेमात पार्श्वगायन ही भानगडच नव्हती, पडद्यावर जो दिसायचा तोच गायचा. म्हणजे ज्या कामात लताबाई शिखरावर गेल्या ते काम त्यांच्या जन्मानंतर सहा वर्षांनी जन्माला आलं. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि गायिका-नायिका नूरजहाँ, जिच्या आवाजाची तेव्हा सगळ्या देशावर मोहिनी होती, ती पाकिस्तानात निघून गेली. त्याच वर्षी जानेवारीत गायक-नट सैगल वारले. पातळ आवाज म्हणून जी मुलगी नाकारली गेली तिच्यासाठी भांडणारा माणूस, संगीतकार गुलाम हैदर, १९४८ मध्ये अजून मुंबईत होता आणि त्याने तिला मोठं गाणं दिलं, पुढे तोही लाहोरला गेला. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे झाली असती तर? फाळणीत लाखो लोक देशोधडीला लागले, त्याच उलथापालथीत एका जागेची खुर्ची रिकामी झाली. ती खुर्ची भरायची ताकद लताबाईंच्या गळ्यात होती, खुर्ची रिकामी करायची ताकद कुणाच्याच गळ्यात नसते.

आणि याचा पुरावा त्यांच्याच घरात आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर. जन्म १९००, ऐन उमेदीत बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली, गळा असा की ज्यांनी ऐकला ते म्हातारपणापर्यंत त्याबद्दल बोलत राहिले. तो माणूस तिशीत आला आणि १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला बोलपट लागला. पुढच्या काही वर्षांत संगीत नाटकाचा धंदा बसला. दीनानाथांनी बोलपट काढून बघितले, त्यात हात पोळले, कंपनी गेली, कर्ज झालं आणि १९४२ मध्ये पुण्यात वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. बापाच्या गळ्यात काय कमी होतं? घर तेच, तालीम तीच, रक्त तेच. यंत्राने बापाचा रंगमंच काढून घेतला आणि तेच यंत्र मुलीसाठी माइक घेऊन उभं राहिलं. मेहनतवाल्या काकांनी मला एवढंच सांगावं, की दीनानाथांनी पहाटे किती वाजता उठायला हवं होतं म्हणजे बोलपट दहा वर्षं उशिरा आला असता.

बोलपटाने फाळक्यांनाही सोडलं नाही. ज्या माणसाने विम्याची पॉलिसी गहाण टाकून, विलायतेहून कॅमेरा आणून १९१३ मध्ये पहिला चित्रपट उभा केला, त्याच माणसाला आवाज आल्यानंतरच्या जगात जागा राहिली नाही, १९३७ चा एक बोलपट आणि मग १९४४ मध्ये नाशिकला अखेर. धुंडिराज गोविंद फाळक्यांची कल्पकता १९१३ मध्ये होती ती १९३३ मध्ये आटली होती का? मला नाही तसं वाटत. बाजार बदलला.

यावर लोक म्हणतात, ते ठीक आहे, पण खरा दर्जा शेवटी वर येतोच. हे वाक्य इतक्या विश्वासाने म्हटलं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचतच नाही. जे वर आले तेच दिसतात, मग वर येतोच असं वाटणारच. मुंबईचे क्रिकेटपटू पद्माकर शिवलकरांचं बघा, डावखुरी फिरकी ही मी कलाच मानते. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, १९७२-७३ च्या रणजी फायनलमध्ये मद्रासला एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. एकही कसोटी नाही. का, तर त्याच काळात त्याच पद्धतीचा बिशनसिंग बेदी होता आणि संघात तशा गोलंदाजाची जागा एक. हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत सगळ्यात जास्त विकेट घेतलेला माणूस, ६३७, त्यांचंही तेच. क्रिकेटमध्ये निदान स्कोअरबुक तरी असतं, त्यामुळे कुणावर अन्याय झाला ते आपल्याला आकड्यात दाखवता येतं. कवितेचं स्कोअरबुक कुठे असतं? ज्याची कविता छापलीच गेली नाही त्याचा ५८९ हा आकडा आपण कुठून आणणार?

कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी यावर केलेला एक प्रयोग २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला होता, तो या वादात उतरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असं मला वाटतं. त्यांनी एक वेबसाईट काढली, त्यावर कुणी नाव न ऐकलेल्या बँडची ४८ गाणी ठेवली आणि चौदा हजारांहून जास्त लोकांना ती ऐकायला, रेटिंग द्यायला आणि हवी ती फुकट डाउनलोड करायला दिली. गंमत अशी की आलेल्या लोकांना त्यांना न कळता वेगवेगळ्या खोल्यांत पाठवल्यासारखं केलं. एका गटाला फक्त गाण्यांची नावं दिसायची, दुसऱ्यांनी काय निवडलं ते नाही. बाकीचे आठ गट, आठ वेगळी जगंच म्हणा, तिथे आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तो आकडा दिसायचा. गाणी तीच, बँड तेच, सगळे शून्यापासून सुरू. आता दर्जा वर येतोच असं असेल तर आठही जगांत साधारण तीच गाणी वर यायला हवीत. तसं झालं नाही. एक गाणं होतं, आकडे न दिसणाऱ्या गटात २६ वं, म्हणजे मधलंच, ते एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. सुरुवातीच्या काही लोकांनी सहज काय दाबलं त्यावरून पुढच्यांनी काय ऐकायचं ते ठरत गेलं आणि तो ढीग वाढत गेला.

पण या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग सगळं-लक-आहे म्हणणारे सोडून देतात. तिथे लोकांना सगळ्यात जास्त आवडलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सगळ्यात फालतू गाणी क्वचितच वर आली. म्हणजे गुणवत्ता ही खालची फरशी आहे, ती फरशी नसेल तर नशीबसुद्धा तुम्हाला फार वेळ उभं करू शकत नाही. पण त्या फरशीवर उभ्या असलेल्या शंभर चांगल्या लोकांपैकी कुणाच्या डोक्यावर लाइट पडणार ते गुणवत्ता सांगू शकत नाही. मी कॉलेजात एकांकिकांना लाइट्स करायचे, फायनलला आलेल्या नऊ एकांकिकांपैकी पाच-सहा तरी अशा असायच्या की त्यातली कुठलीही पहिली आली असती तरी कुणाला वाईट वाटलं नसतं, आणि लॉट्समध्ये, म्हणजे क्रम ठरवायच्या सोडतीत, आपला नंबर सकाळी पहिला आला की सगळ्या टीमचा चेहरा पडायचा, कारण परीक्षक अजून हात राखून मार्क देत असतात हे सगळ्यांना माहीत. पहिल्या आलेल्या टीमने मेहनत केलेलीच असायची. चौथ्या आलेल्यांनीही तेवढीच केलेली असायची.

आता म्हणतील, ते जुनं झालं, आता संपादक नाही, निर्माता नाही, मोबाईल आहे, गाव कुठलंही असो, दम असेल तर जग बघतंय. यात थोडं खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे, आज गावाकडची पोरं घराच्या ओट्यावरून गातात आणि लाखो लोक ऐकतात, हे वीस वर्षांपूर्वी शक्यच नव्हतं. पण त्या प्रयोगात अजून एक गोष्ट निघाली होती. दुसऱ्यांनी काय निवडलं हे जितकं ठळक दाखवलं, म्हणजे गाणी डाउनलोडच्या क्रमाने वरून खाली लावली, तितकी विषमता वाढली, पहिलं आणि शेवटचं यातलं अंतर वाढलं, आणि कोण पहिलं येणार ते सांगणं अजून अवघड झालं. आणि आपला मोबाईल म्हणजे काय आहे? प्रत्येक गोष्टीखाली व्ह्यूजचा आकडा. दारावरचा राखणदार गेला हे खरं, पण त्या जागी गर्दी आली, आणि गर्दी गर्दीकडे बघूनच चालते. जुन्या संपादकाला निदान पत्र लिहून विचारता यायचं की माझी कथा का परत केली.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हलवणारं उदाहरण मात्र सिनेमाचं नाही, जळगावचं आहे. बहिणाबाई चौधरी. १८८० मध्ये असोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीच्या आसपास वैधव्य, पदरात तीन मुलं, शेती, गुरं, जातं, चूल. लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता ओव्या रचायच्या, म्हणायच्या आणि त्या हवेत जायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव पुढे स्वतः कवी झाला, त्याने आणि घरातल्याच पितांबर चौधरींनी आईच्या तोंडून निघेल ते जमेल तेवढं उतरवून घेतलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीतभीत आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी हे बावनकशी सोनं आहे म्हणून ते छापायचंच असं ठरवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. बहिणाबाईंनी ते पाहिलं नाही. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने त्यांची एक तरी कविता पाठ केलेली आहे.

आता यात कौशल्य किती टक्के आणि नशीब किती टक्के काढायचं? कविता शंभर टक्के बहिणाबाईंची, त्यात एका अक्षराचं नशीब नाही. पण ती आपल्यापर्यंत आली ती घरात लिहिणारं माणूस होतं म्हणून, ते लिहिणारं माणूस कवितेची किंमत कळणारं होतं म्हणून, त्याची अत्र्यांपर्यंत पोच होती म्हणून आणि अत्र्यांच्या शब्दाला वजन होतं म्हणून. साखळीतली एक कडी निसटली असती तर बहिणाबाई होत्या हेच आपल्याला माहीत नसतं, आणि त्या मात्र तेवढ्याच मोठ्या कवयित्री असत्या. हे वाक्य मी लिहून परत वाचलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. तुमच्या माझ्या पणजीच्या जात्यावर काय म्हटलं गेलं ते कुणी लिहून घेतलं?

थोडं घेतलं गेलं, ते पण सांगते. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या, आणि ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. त्यातल्या बऱ्याच आज ऐकायला मिळतात. मी रात्री रात्री ऐकत बसते. सगळ्याच बहिणाबाईंच्या तोडीच्या आहेत असं मी म्हणणार नाही, पुष्कळशा साध्या आहेत, ठरलेल्या वळणाच्या आहेत. पण मध्येच एखादी अशी येते की हातातलं काम थांबतं. त्या बायकांनी झोकून दिलं नव्हतं का? पहाटे चारला तर त्या रोजच उठत होत्या.

इथे एक खरा आक्षेप आहे आणि मी तो टाळणार नाही. माणसाला सांगितलं की बरंचसं तुझ्या हातात नाही, तर तो हात-पाय हलवायचं सोडून देईल, असेल माझा हरी म्हणून खाटल्यावर बसेल. समर्थांनी यत्न तो देव जाणावा म्हटलंय ते उगीच नाही, ज्या समाजात दैवावर हवाला टाकून बसायची सवय होती त्याला ते सांगणं गरजेचंच होतं, आणि आजही वीस वर्षांच्या पोराला मी तेच सांगेन की बाबा रियाज कर, कारण संधी आली आणि गळा तयार नसला तर ती संधी फुकट. पण आपल्या परंपरेने एवढंच सांगितलंय का? गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं दिलीत, अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, साधनं, वेगवेगळे प्रयत्न आणि पाचवं दैव. आणि लगेच पुढे म्हटलंय की असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. तिथला संदर्भ आत्म्याचा आहे हे मला माहीत आहे, पण साध्या अर्थानेही ते किती अचूक आहे बघा. आपण भांडतो दोनच गोष्टींवर, प्रयत्न आणि दैव. जागा आणि साधनं हे दोन आपण गिळून टाकतो. आणि नेमकं जिथे काही करता येण्यासारखं आहे ते तिथेच आहे.

प्रयत्न जास्त केले तर नशीब लागायची शक्यता वाढते, हे तर अगदी खरं. दहा ऑडिशनपेक्षा शंभर ऑडिशन दिलेल्याला जास्त संधी. पण ऑडिशनचं तिकीट फुकट मिळत नाही. दादाचा हिशोब मला माहीत आहे, तो चार मुलांबरोबर नालासोपाऱ्याला एका खोलीत राहायचा, रोज विरार लोकलने अंधेरी, ऑडिशनला उभं राहायचं तर त्या दिवशीचं डबिंगचं काम सोडायचं, म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. त्याच्याच बॅचचा एक मुलगा होता, अंधेरीतच घर, आई-वडिलांकडे राहायचा, त्याला तीन वर्षं काही मिळालं नाही आणि चौथ्या वर्षी मिळालं. चांगला नट आहे तो, मला त्याच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलायचा नाही. पण त्याला थांबणं परवडलं. दादाला मावशीच्या ऑपरेशनच्या वर्षी परवडलं नाही. मुलाखतीत तो मुलगा म्हणतो की मी हार मानली नाही, आणि ते खरंच आहे, फक्त हार न मानण्याचा दर महिन्याचा खर्च कोण भरत होतं ते मुलाखतीत विचारत नाहीत. फाळक्यांच्या गोष्टीतही पॉलिसी गहाण टाकली हे आपण सांगतो ते जिद्द म्हणून सांगतो, गहाण टाकायला पॉलिसी होती हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले नसते, घर सांभाळून रात्र रात्र फिल्मच्या कामाला हात लावला नसता तर त्या जिद्दीचं काय झालं असतं?

मग करायचं काय? ज्यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. आयर्लंडने २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची योजना काढली, आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. अर्ज आले, कोण खरंच कलेत काम करतं ते तपासलं, आठ हजारांहून जास्त लोक पात्र निघाले, आणि त्यातले २,००० निवडले ते चिठ्ठ्या टाकून. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून नव्या धाडसी कल्पनांच्या एका अनुदानासाठी हेच केलंय, आधी दर्जाची चाळणी, मग चाळणीतून उतरलेल्यांत लॉटरी. ब्रिटिश अकॅडमीनेही २०२२ पासून छोट्या अनुदानांना ही पद्धत लावली. ऐकायला विचित्र वाटतं, सरकारी पैसा आणि सोडत? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण विचार करा, एका पातळीच्या वर सगळेच चांगले असतील तर त्यातून कुणाला निवडायचं यात नशीब असणारच आहे, ते परीक्षकांच्या त्या दिवशीच्या मूडच्या आणि ओळखीच्या रूपाने आत येणार की उघड्यावर चिठ्ठीच्या रूपाने, एवढाच प्रश्न उरतो. चिठ्ठीत ज्याचं नाव आलं नाही त्याला कुणी म्हणू शकत नाही की तुझ्यात दम नव्हता. आणि ज्याचं आलं त्यालाही छाती फुगवून पहाटे चारचं भाषण देता येत नाही.

आपल्याकडे सरकार काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. वृद्ध कलावंतांना मानधन आहे, तमाशातल्या, भजनातल्या, शाहिरीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा खरा आधार आहे, ते वाढायला हवं आणि वेळेवर मिळायला हवं. पण ते उतारवयात मिळतं, म्हणजे कलावंताचं आयुष्य कसंतरी निभावून झाल्यावर. नशिबाची गरज पंचविशीत असते. जिल्ह्याच्या ठिकाणी तालमीला परवडणारा हॉल, तालुक्याच्या वाचनालयात नव्या लेखकांचं हस्तलिखित वाचून दोन ओळी लिहून कळवणारा कुणीतरी पगारी माणूस, पंचवीस ते पस्तीस वयातल्या लोकांना दोन वर्षं पुरेल एवढी शिष्यवृत्ती, पात्रता तपासून आणि मग चिठ्ठीने. हे काही आभाळातलं मागणं नाही. लोक म्हणतील, रस्ते नाहीत, पाणी नाही आणि तुम्हाला नटांना पगार द्यायचाय. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, पैसा मोजका आहे हे खरं. पण आपण संमेलनं, महोत्सव, पुरस्कारांवर दर वर्षी पैसा घालतोच, तो बहुतेक आधीच पोचलेल्यांच्या सत्काराला जातो. त्यातला काही भाग न पोचलेल्यांकडे वळवा, एवढंच म्हणणं आहे.

त्या दिवशी मावशीकडून निघताना मी दादाला विचारलं की तुझ्या त्या एकांकिका कुठे आहेत. तीन लिहिल्या होत्या त्याने मुंबईत, एक आम्ही कॉलेजला वाचली होती आणि तेव्हा हॉलमध्ये किती तरी वेळ कुणी बोललं नव्हतं. म्हणाला, माळ्यावर असतील, सोड ना आता. मी सोडलं नाही. शिडी लावून स्वतः काढल्या, दोनशे पानी वह्या, उंदरांनी कोपरे कुरतडलेत. रोज रात्री जेवणं झाली की तासभर टाइप करते. पहिली पूर्ण झाली, दुसरीची मधली चार पानं ओल लागून फुटलीत, शाई पसरलीय, काही संवाद लागतच नाहीत. ते त्यालाच विचारून घ्यावे लागतील, म्हणून रविवारी परत जातेय.